जादाच्या दोन वायरी

हसा खुशाल, पण चहा तोंडात असताना हसू नका, शर्ट खराब होतील. माझी ही फजिती आमच्या सासुरवाडीत सगळ्यांना तोंडपाठ आहे. तीही माझ्याच आवाजात ऐकून! ते कसं, तेच तर सांगायला बसलोय.

साडू म्हणजे काय चीज असते, हे ज्याला साडू आहे त्यालाच कळतं. सख्ख्या भावाशी भांडता येतं. शेजाऱ्याशी अबोला धरता येतो. साडूला मात्र भेटलं की मिठीच मारावी लागते, आणि मिठी मारता मारता त्याच्या शर्टाचं कापड कसलं आहे ते बोटांनी चाचपून घ्यावं लागतं.

माझे साडू सतीशराव. ते लातूरला, मी नांदेडला. मी शाळेत गणित शिकवतो, ते क्लासमध्ये गणित शिकवतात. गणित तेच, प्रमेयं तीच. फरक एवढाच की माझ्या तासाला पोरं खिडकीतून बाहेर बघतात आणि त्यांच्या क्लाससाठी परगावची पोरं लातुरात खोल्या घेऊन राहतात. लातूरच्या चौकात त्यांचा फोटो असलेला मोठा बोर्ड आहे. हाताची घडी, अंगात कोट. माझा फोटो कुठे आहे? मतदार ओळखपत्रावर. आणि तोही माझा वाटत नाही.

तुम्ही म्हणाल, हेवा वाटायचा का? अहो, हेवा कसला, जळायचो मी! रात्रीच्या जेवणात मीठ कमी पडलं तरी मला वाटायचं, लातुरात आज बरोबर पडलं असेल.

आमची दोघांची सासुरवाडी लोहा. सुनंदा थोरली, म्हणजे माझी बायको. वैशाली धाकटी, ती सतीशरावांची. म्हणजे मी मोठा जावई. रीतीप्रमाणे पहिला पाट माझा, पहिलं ताट माझं. मामांचं, म्हणजे आमच्या सासऱ्यांचं, घराला लागूनच किराणा दुकान. मामा जात्याच अबोल. गिऱ्हाइकाशी बोलायचं कामसुद्धा त्यांनी तराजूवर सोपवलेलं. मामी, म्हणजे सासूबाई, मात्र दोघांच्या वाटचं बोलतात.

तर झालं असं की सतीशरावांनी लातूरला घर बांधलं. वास्तुशांती केली. शूटिंगवाला लावला. आणि त्या शूटिंगची सीडी लोह्याला धाडली. बरं, सीडी लावायला प्लेअर हवा, तो धाडला; टीव्ही हवा, तर तोही धाडला! दोन्ही बाजूंना हातभर लांबीचे स्पीकर असलेला. आता मामी रोज दुपारी धुणं-भांडी आटोपलं की ती सीडी लावून बसायच्या. शेजारणी यायच्या. "ह्ये आमचे लातूरचे जावई. ह्यो त्यांचा हॉल. ह्ये त्यांचं संडास, आतमधी टाइल्स हाय बघा."

मीही बघितली ती सीडी. एकदा नाही, जितक्या वेळा लोह्याला गेलो तितक्या वेळा बघावी लागली. पूजा, होम, पंगती, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वर सनई आणि सिनेमाची गाणी. या अख्ख्या सीडीत मोठा जावई कुठे आहे? शोधा! पंगतीत, पाठमोरा, हात वर करून भातवाल्याला बोलावताना. बस. एवढाच मी. तेवढ्यात गाणं बदलतं आणि पुन्हा सतीशराव!

त्या दिवशी लोह्याहून नांदेडला परत येताना एसटीत मी सुनंदाला म्हणालो, "आपण कॅमेरा घेऊ."

"कशाला?"

"आठवणी राहतात."

खरं कारण मी तिला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो. मला एक असं शूटिंग करायचं होतं, ज्यात मोठा जावई समोरून दिसेल आणि धाकटा जावई पाठमोरा. भात मागताना!

मुहूर्तही समोरच होता. त्या उन्हाळ्यात धोंड्याचा महिना येत होता. धोंड्याला दोन्ही जावई लोह्याला येणार, मामी ओवाळणार, पुरणाचे धोंडे वाढणार, चांदीचं काहीतरी वाण देणार. याहून चांगली संधी कोणती?

नांदेडला वजिराबादेत एका दुकानात गेलो. काचेत एकाहून एक कॅमेरे. हल्लीच्या पोरांना हसू येईल, पण तेव्हा मोबाईलमध्ये नीट फोटोसुद्धा निघत नव्हता. शूटिंग म्हणजे कॅमेराच. दुकानदारानं माझे कपडे बघून थेट खालच्या खणातला एक काढला.

"हौ सर, ये टेपवाला है. नया डिस्कवाला महँगा पडता. येईच लेके जाव."

काडेपेटीहून जरा मोठी कॅसेट आत बसायची. हाताच्या पंजात अडकवायचा पट्टा. बाजूला उघडणारा छोटासा पडदा. त्या पडद्यात मी दुकानाचा पंखा बघितला आणि मला माझाच पंखा असल्यासारखा अभिमान वाटला. दुकानदारानं खोक्यातून एक वायर काढली, टोकाला तीन तोंडं, पिवळं, पांढरं आणि लाल. "सर, टीव्ही को लगाने का. ये पिली पिक्चर की. और ये सफेद और..."

"समजतंय हो मला," मी म्हणालो. गणिताचा मास्तर मी! तीन वायरी मला हा शिकवणार?

बघा, इथेच. हाच तो क्षण. तुमच्यापैकी कुणी दुकानदाराला मधेच तोडत असेल तर आजपासून तोडू नका.

घरी येऊन पिवळी वायर टीव्हीच्या पिवळ्या भोकात घातली. चित्र आलं! आमची मोरी, आमची कुंडी, आमची सुनंदा पोळ्या लाटताना, सगळं टीव्हीवर! पांढरी आणि लाल तशाच लोंबत राहिल्या. नव्या शर्टाला आतून दोन बटणं जादा शिवून देतात की नाही, तशा त्या जादाच्या असणार असं मी धरून चाललो.

सुनंदानं विचारलं, "अहो, मी तुमच्याशी बोलले होते की मघाशी. त्याचा आवाज का येत नाही?"

तुम्हीच सांगा, मी काय उत्तर दिलं असेल? जन्मभर आपण जी शूटिंगं बघितली ती लग्नाची, मुंजीची, वास्तुशांतीची. त्यात कधी कुणाचं बोलणं ऐकलंय? भटजी तोंड हलवतो, सनई वाजते. नवरीची आई रडते, वर गाणं. नवरीचा मामा वऱ्हाडाला ओरडतो, वर गाणं!

"अगं, कॅमेऱ्यात फक्त चित्र येतं," मी म्हणालो. "आवाज नंतर स्टुडिओत भरतात. गाणी घालून. इतकी लग्नं बघितलीस, एकदा तरी कुणाचा शब्द ऐकलास का?"

सुनंदानं जरा विचार केला. "हे बाकी खरंय," म्हणाली.

तिलाही पटलं! म्हणून म्हणतो, तिच्यावर हसू नका. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्याशेजारी, टिपलेला आवाज ऐकताना लहानमोठा करायची एक बारीक चकती होती. ती दुकानातूनच शून्यावर आलेली. ती चकती फिरवायची बुद्धी मला झाली असती, तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडे काही उरलं नसतं.

धोंड्याच्या दिवशी आम्ही सकाळच्या एसटीनं लोह्याला उतरलो. कॅमेरा मी पिशवीत ठेवला नव्हता, गळ्यात घातला होता. स्टँडपासून घरापर्यंत मुद्दाम मोठ्या रस्त्यानं गेलो.

"अगं बया, ह्ये काय गळ्यात?" मामी दारातच म्हणाल्या.

"व्हिडिओ कॅमेरा, मामी. आज तुमचं सगळ्यांचं शूटिंग."

"शूटिंग? आन् मला आधी सांगायचं न्हाई? मी ही फाटकी साडी नेसून उभी हाय!" मामी आत पळाल्या. शेजारच्या दोघीतिघी गोळा झाल्या. मामासुद्धा गल्ल्यावरून उठून आले, कॅमेऱ्याकडे बघून "हं" म्हणाले. मामांचं "हं" म्हणजे इतरांचं भाषण. मी सुखावलो. खरं सांगतो, लग्नानंतर पहिल्यांदाच मला त्या दारात जावई झाल्यासारखं वाटलं.

किती वेळ? गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजेपर्यंत.

पांढरी गाडी. नवी कोरी. हार घातलेली. मामी नवी साडी अर्धवट खोचून तशाच बाहेर आल्या आणि माझ्यासमोरून, कॅमेऱ्यासमोरून, सरळ गाडीकडे गेल्या. शेजारणी गाडीकडे. मामा गाडीकडे. माझी सख्खी बायको गाडीकडे! मी एकटा दारात, कॅमेरा कुणावर धरावा या विचारात.

मग धरला. अजून हॉर्न वाजवत दाराकडे येणाऱ्या त्या गाडीवरच. दुकानाच्या खांबाआड उभा राहिलो, दूरचं जवळ दिसायचं बटण दाबलं आणि सतीशरावांना पार डोळ्यापाशी आणलं.

आता एक गंमत सांगतो. एक डोळा मिटून दुसरा कॅमेऱ्याला लावला की जगात आपण एकटेच आहोत असं वाटायला लागतं. परीक्षेच्या हॉलमध्ये फेऱ्या मारून मारून मला पुटपुटायची सवय. त्यात उन्हाळा, त्यात ती गाडी. तोंड आपोआप चालू झालं. आवाज कुठे जाणार होता? खांबाआड मी एकटा, आणि कॅमेरा तर बहिरा!

काय काय बोललो ते आत्ता सांगत नाही. पुढे येईलच. यायचं कुठे थांबलं!

पहिलं औक्षण माझं. मी कॅमेरा चालू करून साखरेच्या पोत्यावर ठेवला, नीट माझ्या दिशेनं, आणि पाटावर जाऊन बसलो. मामींनी ओवाळलं, टोपी-उपरणं दिलं, अनारशांच्या ताटातलं चांदीचं निरांजन उचलून हातात दिलं.

"अहो मामी, कशाला एवढं? आम्हाला काही नको बघा," मी म्हणालो. असं म्हणायचंच असतं.

मग उठून कॅमेरा घेतला आणि सतीशराव पाटावर बसले. त्यांनाही तसंच निरांजन. पण मी नीट बघितलं, त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं! माझं एका हातात मावलं होतं. माणूस दोन्ही हात कधी लावतो? वस्तू जड असली की! मी बटण दाबून ते निरांजन आणखी जवळ आणलं. जाडजूड दिसलं.

शूटिंग सतीशरावांना पाठमोरं ठेवून करायचं ठरवलेलं, आणि मी दिवसभर केलं काय? त्यांच्यावरून कॅमेराच हटवला नाही! त्यांनी धोंडा खाल्ला, ते शूटिंगमध्ये घेतलं. वर तूप ओतून घेतलं, घेतलं. गॉगल पुसला, तोही घेतला. जळणाऱ्या माणसाला दुसरं काही दिसत नाही हो.

दुपारी नेहमीप्रमाणे लाईट गेली. दिवेलागणीला आली. लाईट येताच मामींनी फर्मान काढलं, "लावा आता शूटिंग. लाईट हाय तवर बघून घेऊ."

सतीशरावांनीच दिलेल्या त्या टीव्हीला मी माझी पिवळी वायर लावली. पुढे मामा खुर्चीत, मामी सतरंजीवर, सुनंदा आणि वैशाली खांद्याला खांदा लावून, दारात शेजारणी. सतीशराव बाजेवर, मांडीवर उशी घेऊन.

चित्र सुरू झालं. गाडी आली. सतीशराव उतरले. सतीशराव हसले. सतीशरावांनी मामांना नमस्कार केला. मग माझं औक्षण आलं. म्हणजे माझ्या मानेपासून गुडघ्यापर्यंतच्या भागाचं औक्षण आलं. पोतं जरा खचलं होतं. मामी हवेत ओवाळत होत्या आणि खाली माझं पोट बसलेलं होतं. शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. असो. पुन्हा सतीशराव. सतीशराव पाटावर. सतीशराव ताटावर. सतीशराव जवळून. सतीशराव आणखी जवळून.

मला वाटलं, आता कुणीतरी विचारणार, हे काय काढलंय म्हणून. तर वैशालीच्या डोळ्यांत पाणी!

"दाजी," ती म्हणाली, "तुम्ही सगळं शूटिंग ह्यांचंच काढलंत?"

सतीशराव बाजेवरून उठले. माझा हात दोन्ही हातांत घेतला. दोन्ही हातांत! "साडूभाऊ, आमच्या वास्तुशांतीत त्या शूटिंगवाल्यानं तुम्हाला पाठमोरं काढलं होतं, मला लई वाईट वाटलं होतं. आन् तुम्ही बघा. एवढं प्रेम? लोकाचे साडू जळून मरायलेत एकमेकांवर!"

"छे छे, त्यात काय," मी म्हणालो. विनयानं मान खाली घातली. मामा माझ्याकडे बघून दोनदा "हं" म्हणाले. दोनदा! मामी सुनंदाला म्हणाल्या, "बघ, मोठं मन लागतं असं करायला." मनात म्हटलं, कॅमेऱ्याचं सोनं झालं आज. थोडा वेळ मलाही खरंच वाटायला लागलं होतं की माझं सतीशरावांवर प्रेम आहे.

इतक्यात सतीशराव टीव्हीपाशी वाकले. "पण आवाज का नाही? ह्या दोन वायरी राहिल्यात की लावायच्या!"

"त्या जादाच्या आहेत," मी म्हणालो.

"जादाच्या कशाच्या? आवाजाच्या हाय ह्या. कॅमेरा आवाज घेतोय की सगळा." खट्, खट्. पांढरी पांढऱ्यात, लाल लालात. "मामी, पहिल्यापासून बघायचं का? आवाजासकट?"

"हाव, हाव! पहिल्यापासून लावा," मामी म्हणाल्या.

कॅमेरा आवाज घेतो? सगळा? मी म्हणालो, "राहू द्या, उगाच टेप झिजते." पण सतीशरावांना कॅमेऱ्याची बटणं माझ्याहून चांगली कळत होती. टेप मागे गेली. चालू झाली.

पडद्यावर पांढरी गाडी आली. हॉर्न वाजला, दोन्ही स्पीकरांतून. आणि त्या हॉर्नच्याही वर, घसा साफ करून, माझा आवाज:

"आला बघा. वाजव, आणखी वाजव. लोह्यातल्या म्हशींना कळलं नसंल अजून."

दारातल्या शेजारणी आत सरकल्या.

"गॉगल? लोह्यात गॉगल कुणासाठी? किराणा दुकानाचं ऊन लागतं का?... अरे बापरे, पोट बघा. आधी पोट उतरलं, मग मागून हा उतरला."

मी कॅमेऱ्याकडे झेपावलो. मामांनी हात आडवा केला. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले. इतक्या वर्षांत मामा माझ्याशी बोललेलं हे बहुतेक पहिलंच वाक्य.

मी वर बघितलं. बल्ब जळत होता. काय सांगू तुम्हाला, लोह्याची लाईट! जेवायला बसलं की जायची, झोपायला टेकलं की जायची, पोरांची परीक्षा आली की जायची. त्या संध्याकाळी मी तिला हात जोडले, आणि ती बाई पापणीसुद्धा न लववता जळत राहिली.

"मामा हसले!" टीव्हीतला मी म्हणत होतो. "मामांना दात हायत? मला वाटलं, मला बघून मिटलेलं तोंड हाय ते, कायमचं."

शेजारणी आता पदर सोडून हसत होत्या. मामांचं तोंड मिटलेलंच होतं, पण मिशी हलत होती.

मग माझ्या पोटाचं औक्षण आलं. लांबून माझाच गोड आवाज ऐकू आला, "अहो मामी, कशाला एवढं? आम्हाला काही नको बघा." मग पडदा हलला, मी पोत्यावरून कॅमेरा उचलला, आणि एकदम जवळून, कानात सांगितल्यासारखं:

"एवढंसंच?"

देवा! सुनंदानं डोक्यावरचा पदर खाली ओढून घेतला.

"आता ह्याला बघा काय देतात. दिलं! दोन्ही हातांनी धरायलाय की हो! जड हाय म्हणूनच धरायलाय. माझं फुंकलं तर उडंल, आन् ह्याला वजनदार. गाडीवाला ना तो! तूपसुद्धा बघा, ह्याच्या ताटात सोडताना मामींचा हात कसा सैल सुटायलाय."

सतीशरावांनी टीव्ही बंद केला नाही. फक्त कॅमेऱ्यावर टेप थांबवली, सावकाश, आणि बाजेवर जाऊन बसले. उशी मांडीवर घेतली. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्ही काय बोलला असता? मी म्हणालो, "आवाज साफ येतो, नाही?"

मामा उठले. मला वाटलं, गेले आता, जावयाचं तोंड बघायचं नाही म्हणून. पण ते दुकानात गेले आणि तराजू घेऊन आले. तोच, दोन पारड्यांचा, ज्यावर डाळ-साखर तोलायचे. पारडी धोतराच्या सोग्यानं स्वच्छ पुसली. सुनंदाकडे हात केला. तिनं पिशवीतून आमचं निरांजन काढून दिलं. वैशालीकडे हात केला. तिनं त्यांचं दिलं. मामांनी एका पारड्यात आमचं ठेवलं, दुसऱ्यात त्यांचं, आणि तराजू सगळ्यांसमोर वर उचलला.

आमचं पारडं खाली गेलं.

थोडंसं नाही हो. चांगलं खाली! शेजारणीनं पुढे होऊन बघितलं आणि "अगं बाई" म्हणाली.

मामी रडवेल्या झाल्या. "मीच घेतलं जड, मोठ्या जावयाचं. म्हनलं, मोठे पाव्हणं गरीब सभावाचे. कवा कुणाबद्दल तोंडातून सबूद काढत न्हाईत. त्यांनाच जरा भारी देऊ. धाकट्याला वाईट वाटंल म्हणून कुणाला सांगितलं न्हाई."

आता खरं सांगा, या क्षणी शहाण्या माणसानं काय करावं? मामींचे पाय धरावेत. सतीशरावांची माफी मागावी. निदान मोरीत जाऊन तोंड तरी धुवावं.

पण मी काय बघितलं माहीत आहे? सतीशरावांचा चेहरा! तो पडला होता. चौकातल्या बोर्डावरचा, हाताची घडी घातलेला तो चेहरा, खाली गेलेल्या माझ्या पारड्याकडे बघत होता आणि ओठ लोंबत होते. जळायला लागला होता हो माणूस! माझ्यावर! इतकी वर्षं मी एकट्यानं हे काम केलं होतं, आणि आज पहिल्यांदा दुसऱ्या बाजूनं सुरू झालं होतं. हे टिपायचं नाही, तर कॅमेरा घेतला कशाला?

हात आपोआप गेला. बटण फिरवून शूटिंगवर आणलं, लाल बटण दाबलं, डोळा लावला, दुसरा मिटला, सतीशरावांचं पडलेलं तोंड जवळ घेतलं. आणि तोंडातून निघून गेलं:

"आता कसं वाटायलंय, साडूभाऊ!"

कॅमेरा अजून टीव्हीला जोडलेलाच होता.

पिवळी, पांढरी आणि लाल, तिन्ही वायरींनी! टीव्हीवर सतीशरावांचं पडलेलं तोंड, भिंतीएवढं. आणि दोन्ही स्पीकरांतून माझा आवाज, "साडूभाऊ... भाऊ... भाऊ... कुईंईंई!" अशी शिट्टी बसली की दुकानातलं मांजर डाळीच्या पोत्यावरून उडून थेट गल्लीत गेलं. सगळ्यांनी कान धरले. मी नुसता उभा, कॅमेरा डोळ्याला, तो खाली घ्यायचं धाडस होईना. कॅमेऱ्यातून मला दिसलं, सतीशराव हळूहळू वळून टीव्हीतल्या स्वतःकडे बघायला लागले.

"जावईबापू," मामा म्हणाले, "वायर काढा."

ती मी काढली नाही. सुनंदानं काढली. तिन्ही एकदम. मग ती तराजूपाशी गेली, खाली गेलेल्या पारड्यातलं आमचं निरांजन उचललं आणि वैशालीच्या ओटीत घातलं. वैशालीचं हलकं निरांजन आपल्या पिशवीत टाकलं.

"ताई, अगं हे काय?" वैशाली म्हणाली.

"असू दे गं. ह्यांना तसंही तुझंच जड दिसायलंय."

आधी मामींना हसू फुटलं, मग शेजारणींना, मग वैशालीला. सतीशरावांनी थोडा वेळ तोंड तसंच ठेवलं, मग उशीत घातलं, आणि उशी गदागदा हलायला लागली. मामांचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. आहेत, बरेच आहेत.

कॅमेरा पुढे मी फारसा वापरला नाही. ती टेप मात्र सतीशराव लातूरला घेऊन गेले, तिची आधी सीडी केली आणि व्हिडिओवाले मोबाईल आल्यावर ती घरच्या ग्रुपवर टाकली. दर धोंड्याच्या महिन्यात न चुकता टाकतात. सनई नाही, गाणी नाही, सगळं जसंच्या तसं. माझा आवाज ऐकून नव्या सुना मला आता आधीच ओळखतात.

आणि निरांजन? आमचं ते हलकं, देवघरात आहे. सुनंदा रोज लावते आणि रोज एकदा माझ्याकडे बघते. लातूरला गेलो की त्यांच्या देवघरातलं ते मी बघतो. जाडजूड दिसतं. डोळ्यांना दिसतं तेवढंच नाही, आता ते खरोखरच जड आहे, मामांनी सगळ्यांसमोर तोलून दाखवलेलं! दर वेळी सतीशराव हसून विचारतात, "उचलून बघता का, साडूभाऊ?"

मी हसून नको म्हणतो. बाकी जे वाटतं ते मनातच ठेवतो. घरात कुठे कुठली वायर लावलेली असेल, काय सांगावं!